महापंडित राहुल सांकृत्यायन



धर्म म्हणजे काय अंगरखा आहे, वाटेल तेव्हा बदलायला? असा टोमणा धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांना ऐकावा लागतो. त्यांनी राहुलजींचे चरित्र जाणून घ्यावे.

९ एप्रिल १८९३ रोजी आजमगढ जिल्ह्यातील पंदहा गावी एका ब्राह्मण घरात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव केदारनाथ पांडे. तरुणपणी घर सोडून ते बिहारमधील परसा मठात वैष्णव साधू झाले. कर्मकांड पटेना म्हणून आर्यसमाजात गेले. १९२१ च्या असहकार चळवळीत उतरून त्यांनी तुरुंगवास भोगला.

१९२७ साली ते श्रीलंकेतील विद्यालंकार परिवेणात संस्कृत शिकवावयास गेले आणि तेथे स्वतः पाली शिकले. तिपिटकाच्या अभ्यासाने वेद आणि ईश्वर यांवरील त्यांची श्रद्धा गळून पडली. १९३० साली ते भिक्खू झाले व राहुल हे नाव घेतले. चार वेळा तिबेटची खडतर वाट तुडवून त्यांनी भारतातून नाहीसे झालेले बौद्ध ग्रंथ शोधून काढले. मज्झिमनिकाय व विनयपिटक त्यांनी हिंदीत आणले.

पण बिहारचा शेतकरी जमीनदाराच्या टाचेखाली भरडला जात असता ते ग्रंथांत रमले नाहीत. १९३९ साली अमवारीच्या शेतकरी सत्याग्रहात जमीनदाराच्या माणसाने त्यांचे डोके फोडले. त्यानंतर ते कम्युनिस्ट झाले, चीवरही सुटले. हजारीबागच्या तुरुंगात त्यांनी 'दर्शन-दिग्दर्शन' लिहिले. अनात्मवादाचा गौरव करतानाच दास व ऋणको यांना संघात प्रवेश का नव्हता, हा अवघड प्रश्नही त्यांनी विचारला. धनको आणि राजे यांच्या सत्तेत त्यांनी त्याचे उत्तर शोधले. लाठी खाल्लेल्या इतिहासकारालाच असा प्रश्न सुचतो.

पक्षापुढेही त्यांनी मान तुकवली नाही. डिसेंबर १९४७ मध्ये मुंबईच्या हिंदी साहित्य संमेलनात त्यांनी मांडलेली भाषाविषयक मते पक्षाला रुचली नाहीत व त्यांना पक्षाबाहेर जावे लागले. १९५५ साली ते पुन्हा पक्षात आले.

पूज्य बाबासाहेबांचा मार्ग निराळा होता. नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडू येथे त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. दुःख व शोषण नाहीसे करण्याचे ध्येय त्यांनी मान्य केले, परंतु हिंसा आणि हुकूमशाही नाकारली. आपला मार्ग तोच आहे. तरीही राहुलजींपासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. भगवंतांनी धम्माला नावेची उपमा दिली. नाव पार होण्यासाठी असते, डोक्यावर वाहण्यासाठी नसते. राहुलजी त्याप्रमाणे जगले. मठाची गादी त्यांनी सोडली आणि तुरुंग पत्करला. त्यांच्या कोणत्याही बदलात स्वार्थ नव्हता.

१४ एप्रिल १९६३ रोजी, म्हणजे भीमजयंतीच्याच दिवशी, दार्जिलिंग येथे त्यांचे निधन झाले. यापुढे जयंतीच्या दिवशी घरात मुलांना जवळ बसवून त्यांची ही हकीगत अवश्य सांगावी. आणि कोणी अंगरख्याचा टोमणा मारलाच, तर शांतपणे उत्तर द्यावे, की विचार करून बदललो आहोत आणि विचार करणे चालूच आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!