विश्वनाथ काशिनाथ राजवाडे

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३ – ३१ डिसेंबर १९२६) हे मराठी इतिहाससंशोधक, भाषाभ्यासक व संपादक होते. ते 'इतिहासाचार्य' या उपाधीने ओळखले जातात. त्यांचा जन्म तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील वरसई येथे झाला. पदवी घेतल्यावर त्यांनी पुण्यात काही काळ अध्यापन केले व 'भाषांतर' हे मासिक चालवले. पत्नीच्या अकाली निधनानंतर त्यांनी पुन्हा विवाह केला नाही.

साधनांचा शोध

मराठ्यांचा इतिहास त्या काळी मुख्यतः ग्रँट डफचा ग्रंथ व बखरी यांच्या आधारे सांगितला जाई. बखरींपैकी पुष्कळशा घटनेनंतर बऱ्याच काळाने, ऐकीव माहितीवरून लिहिलेल्या होत्या. वाई येथे राजवाड्यांना पानिपतच्या मोहिमेच्या काळातील अस्सल पत्रे मिळाली. ती त्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेच्या पहिल्या खंडात छापली. पत्रांतील तिथी व मुक्कामाची स्थळे ताडून पाहता बखरकारांचे वर्णन अनेक ठिकाणी टिकत नाही, हे त्यांनी प्रस्तावनेत सविस्तर दाखवले. ही प्रस्तावना मूळ पत्रांइतकीच महत्त्वाची ठरली.

पुढे जुन्या घराण्यांची मोडी दफ्तरे मिळवण्यासाठी त्यांनी गावोगाव भ्रमंती केली. मालेचे एकूण २२ खंड निघाले. साधने पुरेशी उजेडात येण्यापूर्वी इतिहास लिहिणे त्यांना अकाली वाटे. मराठ्यांचा सलग इतिहास त्यांच्या हातून लिहिला गेला नाही, तो बहुधा याच कारणाने.

७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, तीत त्यांचा पुढाकार होता. पुढे मतभेद होऊन ते मंडळापासून दुरावले व अखेरीस धुळ्यास गेले. तेथेच त्यांचे निधन झाले.

अन्य लेखन व टीका

'राधामाधवविलासचंपू' व 'महिकावतीची बखर' यांच्या त्यांनी संपादिलेल्या आवृत्त्या दीर्घ प्रस्तावनांमुळे प्रसिद्ध आहेत. संशोधनपर लेखन त्यांनी आग्रहाने मराठीतच केले, त्यामुळे महाराष्ट्राबाहेर ते फारसे पोचले नाही. कागद पारखताना काटेकोर असणारे राजवाडे शब्दांच्या व्युत्पत्ती लावताना आणि जातिविषयक निष्कर्ष काढताना मात्र पुराव्यापेक्षा पुष्कळ पुढे जात, असा आक्षेप घेतला जातो व तो निराधार नाही. संतांच्या कार्याविषयीचे त्यांचे प्रतिकूल मतही न्यायमूर्ती रानडे यांच्या मांडणीच्या विरुद्ध होते. 'भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास' हा त्यांचा वादग्रस्त ग्रंथ अपूर्ण राहिला.

त्यांच्या निधनानंतर धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले.