पाकिटाच्या बटणावर अडलेली गोळी

कोल्हापूर - सशस्त्र क्रांतीच्या इतिहासात पिस्तुलांच्या कथा पुष्कळ आहेत. मात्र समोरून झाडलेली गोळी छातीवर बसूनही माणूस वाचला आणि पुढे त्यानेच झाडणाऱ्याला मदत पाठवली, अशी कथा विरळाच. तिचे नायक वासुदेव बळवंत गोगटे. त्यांचा जन्म १९१० चा, कोल्हापूरपासून जवळच असलेल्या मिरजेतील. आद्यक्रांतिकारक फडके यांचेही नाव वासुदेव बळवंतच होते, हा एक योगायोग.

मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारण्यात आला. पाठोपाठ मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकणाऱ्या गोगटे यांच्या मनात ही जखम खोल गेली. सोलापूरच्या दडपशाहीबद्दल त्यांनी सर अर्नेस्ट हॉटसन यांना जबाबदार धरले. हॉटसन तेव्हा मुंबई प्रांताचे हंगामी गव्हर्नर होते.

२२ जुलै १९३१ रोजी हॉटसन महाविद्यालयाच्या वाडिया ग्रंथालयात आले. गोगटे यांनी अगदी जवळून रिव्हॉल्व्हर झाडले. नेम चुकला नव्हता. परंतु गोळी खिशातील पाकिटाच्या धातूच्या बटणावर आदळली आणि हॉटसन बचावले. गोगटे जागीच पकडले गेले.

एवढेसे बटण गोळी कसे अडवते? आखूड नळीच्या हत्याराची गोळी रायफलीच्या मानाने मंद असते. तिचा जोर काडतुसातील दारूवर अवलंबून असतो आणि जुनी किंवा दमट दारू नीट पेटत नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्यामुळे क्रांतिकारकांना काडतुसे चोरट्या मार्गानेच मिळवावी लागत. ती पारखून घेण्याची चैन त्यांना कुठली? त्या दिवशीचे काडतूसही कमजोर असावे, असा तर्क करता येतो. निव्वळ दैव म्हणून ही घटना सोडून देणे प्रस्तुत प्रतिनिधीला पटत नाही.

गोगटे यांना आठ वर्षांची सक्तमजुरी झाली. १९३७ मध्ये ते सुटले. त्यानंतर ते वकील झाले, हिंदुमहासभेत वावरले, पुण्याचे महापौरही झाले. पुणेकरांच्या तोंडी मात्र त्यांचे नाव अखेरपर्यंत ‘हॉटसन गोगटे’ असेच राहिले. सुटकेनंतर खुद्द हॉटसन यांनी इंग्लंडहून त्यांना शंभर रुपयांचा धनादेश पाठवला होता, नव्याने उभे राहण्यासाठी. १९७४ मध्ये गोगटे यांचे निधन झाले.