मॅरॅथॉनवीर फडेप्पा चौगुले

पावसाळा सरून रस्ते कोरडे झाले कीं नागपूरच्या विद्यार्थ्यांस धांवण्याच्या शर्यतींचे वेध लागतात. अशा समयीं बेळगांवच्या फडेप्पा दरेप्पा चौगुले यांचें चरित्र त्यांच्यापुढें ठेवणें आम्हांस उचित वाटतें.

पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत सर दोराबजी टाटा यांनीं अनवाणी धांवणारे शेतकरी तरुण पाहिले व त्यांचा वेग युरोपीय धांवपटूंच्या तोडीचा असल्याचें जाणलें. त्यांच्याच खटपटीनें हिंदुस्थानचा संघ बेल्जममधील अँटवर्पच्या ऑलिंपिक सामन्यांस गेला. चौगुले त्यांत होते.

तेथें २२ ऑगस्ट १९२० रोजीं सुमारें साडेसव्वीस मैलांची मॅरॅथॉन झाली; ऑलिंपिकच्या इतिहासांत इतकी लांब दुसरी नाहीं. फिनलंडचे कोलेहमाइनेन पहिले आले. आपले सदाशिव दातार यांस शर्यत पुरी करतां आली नाहीं. चौगुले यांनीं मात्र २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत ती पुरी करून एकोणिसावें स्थान मिळविलें.

पदक हुकलें म्हणून हें यश लहान मानूं नये. पहिला येणारा एकच असतो. उरलेल्या आपणां सर्वांस एकोणिसाव्याचाच धडा गिरवावयाचा आहे. पुढचा गडी दृष्टीआड झाला तरी पाय थांबूं देऊं नयेत, हाच तो धडा होय.