एल्मच्या मरीचा छडा लावणाऱ्या वेस्टरडाइक बाई

डाळिंबाच्या बागेत एखादे झाड पिवळे पडू लागते. आधी एक फांदी वाळते, मग दुसरी, आणि बघता बघता उभे झाड जळून जाते. सांगोला, आटपाडी, मालेगाव, सटाणा या भागात हे कुणाला नवे नाही. खोड उभे चिरून पाहिले तर आत तपकिरी-काळसर पट्टा दिसतो. आपण त्याला मर म्हणतो. साधारण शंभर वर्षांपूर्वी हॉलंड देशात असाच पट्टा एल्म नावाच्या झाडात दिसला. एल्म म्हणजे आपल्या वावळ्याच्या कुळातले झाड, बियासुद्धा तशाच चपट्या पापडीच्या. तिकडे कालव्यांच्या काठाने, रस्त्यांच्या कडेने एल्मच्या रांगाच्या रांगा होत्या आणि त्या एकामागून एक वाळू लागल्या. त्याचे कारण ज्या प्रयोगशाळेत सापडले तिच्या प्रमुख होत्या योहाना वेस्टरडाइक. त्यांची ही हकीकत.

बाईंचा जन्म ४ जानेवारी १८८३ चा, अॅमस्टरडॅम शहराला लागून असलेल्या गावचा. वडील डॉक्टर. मुलीला पियानो वाजवायचा नाद होता आणि त्यातच नाव काढायचे होते. पण हाताच्या नसांचे दुखणे लागले आणि तो विचार सोडावा लागला. मग त्या जीवशास्त्राकडे वळल्या. अॅमस्टरडॅमला त्यांना ह्यूगो द व्रीस यांच्यासारखे मोठे शिक्षक मिळाले. पण ज्या प्रकारच्या शाळेतून त्या आल्या होत्या तिथे लॅटिन-ग्रीक शिकवत नसत, आणि त्याशिवाय डॉक्टरेट मिळायची नाही असा तिथला नियम. नियम म्हणजे नियम, सरकारी माणसाला हे सांगायला नको! बाई जर्मनीत म्युनिकला गेल्या, तिथून स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला गेल्या आणि १९०६ साली पदवी घेऊनच परतल्या. अभ्यास होता शेवाळावरचा. पिकांच्या रोगाशी त्याचा फारसा संबंध नव्हता.

त्याच वर्षी अॅमस्टरडॅमच्या एका खाजगी प्रयोगशाळेची प्रमुखाची जागा रिकामी झाली. ही प्रयोगशाळा एका श्रीमंत जोडप्याने आपल्या गेलेल्या मुलाच्या, विली कोमेलिन शोल्टेनच्या नावाने काढलेली होती. आधीचे संचालक वाखेनिंगेनला गेले आणि त्यांच्या जागी तेवीस वर्षांच्या वेस्टरडाइक आल्या. पुढच्याच वर्षी, १९०७ मध्ये, त्यांच्याकडे आणखी एक काम सोपवले गेले. ते म्हणजे जिवंत बुरशींचा संग्रह सांभाळणे. तेव्हा त्यात जेमतेम ८० नळ्या होत्या.

आता तुम्ही म्हणाल, बुरशी सांभाळायची कशाला, मारायची सोडून? इथेच खरी गोम आहे. झाडावर दिसली ती बुरशी रोगाचीच असते असे नाही. वाळलेल्या फांदीवर दहा जातीच्या बुरशा वाढतात, त्यातल्या नऊ नुसत्या मढ्यावर जगणाऱ्या. चोर कोण हे ठरवायचे तर प्रत्येकीला वेगळे काढून नळीत शुद्ध वाढवावे लागते, निरोगी झाडाला टोचावे लागते, तोच रोग आला तर त्या झाडातून पुन्हा तीच बुरशी काढून दाखवावी लागते. आणि दुसऱ्या देशातल्या माणसाला ते तपासायचे असेल तर त्याला तीच बुरशी जिवंत मिळायला हवी. बाईंनी हा संग्रह पन्नास वर्षे वाढवला. जगभरातून नळ्या मागवल्या, जगभर पाठवल्या. १९५८ साली त्यांनी तो सोडला तेव्हा नळ्यांची संख्या सुमारे १० हजारांवर गेली होती. झाडांच्या रोगाच्या बुरशीबरोबर माणसाला रोग करणाऱ्या बुरशीही तिथे ठेवल्या गेल्या.

१९१३-१४ मध्ये बाई तेव्हाच्या डच ईस्ट इंडीजमध्ये, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, फिरल्या. जावा-सुमात्रात उष्ण मुलखातल्या पिकांचे रोग पाहिले आणि जपान, अमेरिका करून परत आल्या. १९१७ साली त्या उट्रेख्त विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. हॉलंडमधल्या त्या पहिल्याच महिला प्राध्यापक. पुढे प्रयोगशाळा बार्न या गावी एका मोठ्या बंगल्यात हलली. योगायोग बघा, बंगल्याचे नावच जावा होते!

आता एल्मकडे येऊ. १९१९ साली वाळलेल्या फांद्या वाखेनिंगेनच्या पीक संरक्षण खात्यात तपासणीला आल्या. तिथल्या डिना स्पीरेनबुर्ख या बाईंनी त्या तपासल्या आणि झाडे कशी मरतात याच्या नोंदी केल्या, पण नेमके कारण हाती लागेना. लोक नाना तर्क करत होते. कुणी दुष्काळ म्हणे, कुणी महायुद्धातला विषारी वायू म्हणे. वेस्टरडाइक बाईंनी हे काम आपली विद्यार्थिनी बेआ श्वार्त्स हिच्याकडे दिले. १९२२ साली तिने आपल्या प्रबंधात ती बुरशी दाखवून दिली. पण जर्मनीतल्या काही शास्त्रज्ञांना ते पटले नाही. त्यांचे म्हणणे, हा जिवाणूचा रोग आहे. श्वार्त्स पुढे जावाला नोकरीला गेली आणि वाद तसाच राहिला.

मग क्रिस्टीन बुइसमन या दुसऱ्या विद्यार्थिनीने तो हातात घेतला. तिने योग्य हंगामात, जोमाने वाढणाऱ्या झाडांना बुरशी टोचली आणि १९२७ च्या सुमारास तीच मर पुन्हा आणून दाखवली. वादच मिटला. १९३० मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यात एल्म मरू लागले तेव्हा रोग ओळखायलाही तीच होती. तिथे तो बाहेरून आणलेल्या एल्मच्या लाकडाबरोबर पोहोचला होता.

रोगाची रीत अशी. साल पोखरणारा एक बारीक भुंगेरा मरणाऱ्या एल्मच्या सालीखाली अंडी घालतो. त्यातून निघालेली नवी पिढी अंगावर बुरशीचे चिकट बीजाणू घेऊन बाहेर पडते आणि निरोगी झाडाच्या कोवळ्या फांदीच्या बेचक्यात कुरतडते. तिथून बुरशी पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत शिरते. तिला अडवायला झाड आपल्याच नळ्या डिंकाने बुजवते आणि पाण्यावाचून मरते. शेजारच्या झाडांची मुळे एकमेकांत जुळलेली असली तर बुरशी मुळांतूनही पुढे जाते. आपल्या डाळिंबाच्या मरीत सेरॅटोसिस्टिस नावाची बुरशी असते. एल्मची बुरशीही एके काळी याच वंशात धरत होते, आता तिला वेगळे काढून ऑफिओस्टोमा म्हणतात. डाळिंबातही खोडाला टाचणीएवढी छिद्रे पाडणारा भुंगेरा आणि मुळांचा संपर्क या दोन वाटा आहेतच.

बाईंच्या लोकांनी पुढे हजारो रोपांना मुद्दाम रोग टोचून न मरणारी रोपे निवडायला घेतली. औषधाने एल्म वाचत नाही हे दिसल्यावर हाच रस्ता उरला होता. बुइसमन मात्र फळ बघायला राहिली नाही. १९३६ च्या मार्चमध्ये शस्त्रक्रियेनंतर ती गेली, वय अवघे छत्तीस. निवडलेल्या पहिल्या झाडाला तिचे नाव दिले. त्या झाडाने मरीला तोंड दिले खरे, पण त्याला दुसऱ्याच एका बुरशीने फांदीवाळ होऊ लागली! आपल्याकडेही एका रोगाला टिकणारे वाण दुसऱ्या रोगाला बळी पडते, हे तुम्ही पाहिलेच असेल.

पुढे जगाने या रोगाला डच एल्म रोग असे नाव दिले. रोग बहुधा आशियातून आलेला, डचांनी त्याचे कारण शोधले, आणि नाव मात्र त्यांच्याच माथी आले. मला तरी हा अन्याय वाटतो. १९६० नंतर याच बुरशीची जास्त जहाल बहीण पसरली आणि एकट्या ब्रिटनमध्ये अडीच कोटींहून जास्त एल्म मेले.

याच गणातल्या एका बुरशीचा माणसालाही उपद्रव आहे. तिचे नाव स्पोरोथ्रिक्स. काटा, लाकडाची शिलक, गवत किंवा मातीतून ती कातडीखाली शिरते. आधी एक गाठ येते, ती फुटते, मग हातावरून वर वर ओळीने गाठी येतात. १९४० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत टेकूच्या लाकडावरून सुमारे ३ हजार मजुरांना हा रोग झाला. भारतात तो हिमालयाच्या पायथ्याकडे जास्त आढळतो. तरी डाळिंब, गुलाब, बोर यांच्या काट्याने झालेली जखम महिनाभर बरी झाली नाही आणि वर गाठी चढू लागल्या, तर मलमावर मलम लावत बसू नका. डॉक्टरांना काट्याचे आठवणीने सांगा, कारण ही बुरशी आहे हे कळले तर औषध आहे.

दुसऱ्या महायुद्धात हॉलंड जर्मनांच्या ताब्यात होते. त्या काळात डेल्फ्टच्या यीस्ट कारखान्यात गुपचूप पेनिसिलिन तयार करायची खटपट चालली होती. त्यासाठी लागणाऱ्या बुरशी याच संग्रहातून गेल्या. बाईंच्या हाताखाली एकंदर ५६ जणांनी डॉक्टरेट केली, त्यात जवळपास निम्म्या मुली. आणि हे त्या काळात! स्वतः बाईंनी लग्न केले नाही. कामात कडक, पण काम संपले की नाचगाणे, मेजवानी यांची हौस दांडगी. १५ नोव्हेंबर १९६१ रोजी बार्नलाच त्या वारल्या. २०१७ पासून उट्रेख्तच्या त्या संस्थेला त्यांचेच नाव आहे आणि तिथल्या नळ्या लाखाच्या वर गेल्या आहेत. आपल्या राज्यातही पुण्याच्या आघारकर संस्थेत बुरशींचा असाच राष्ट्रीय संग्रह आहे.

अॅमस्टरडॅमच्या कालव्यांवर एल्म अजून उभे आहेत. त्यामागे एक साधा कायदा आहे. रोगट झाड दिसले की नगरपालिका ते पाडायला लावते, आणि साल न सोललेले एल्मचे लाकूड कुणाला घरी साठवता येत नाही, कारण भुंगेरा त्या सालीतच वाढतो. ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींनी आपल्या गावातल्या बांधांवर सरपणासाठी रचून ठेवलेली मेलेली डाळिंबाची खोडे एकदा या नजरेने जरूर पाहावीत.