अधीरतेचा अभ्यासक : आयर्व्हिंग फिशर

आयर्व्हिंग फिशर हे नाव आपल्याला अर्थशास्त्राच्या तासाला भेटते ते चलन संख्यामान सिद्धांताच्या समीकरणापुरते. परीक्षा संपली की समीकरण विसरते आणि माणूसही विसरतो. परंतु या विद्वानाचे जीवनच अर्थशास्त्राचा एक धडा आहे.

फिशर यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८६७ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. १८८४ मध्ये येल विद्यापीठात प्रवेश घेण्याच्या सुमारास वडील क्षयाने वारले. आई व धाकट्या भावाचा भार सतरा वर्षांच्या मुलावर पडला. शिकवण्या करीत त्यांनी शिक्षण पुरे केले आणि १८९१ साली डॉक्टरेट मिळवली. १८९८ मध्ये त्यांनाही क्षयाने गाठले. बरे होण्यात सुमारे तीन वर्षे गेली.

आज खर्च करावा की उद्यासाठी राखावे, हा प्रश्न त्यांनी १९०७ व १९३० च्या ग्रंथांत हाताळला. माणूस कर्ज काढून उद्याचे उत्पन्न आज वापरतो, किंवा बचत करून आजचे उद्यावर ढकलतो. त्याची अधीरता बाजारातील व्याजदराइतकी होईपर्यंत तो हा मेळ घालत राहतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. मात्र ही अधीरता सर्वांची सारखी नसते. उत्पन्न किती, ते केव्हा येणार, त्याची खात्री किती, यावर ती ठरते. शिवाय दूरदृष्टी, संयम, सवय आणि मुलाबाळांची काळजी यांचाही तिच्यात वाटा असतो. उत्पन्न तुटपुंजे असले की आजची गरज उद्याचा विचार करू देत नाही, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले.

आमच्या घरी कापूस वेचला की लगेच विकला जातो, भाव असो वा नसो. अशा शेतकऱ्याला अडाणी ठरवणे सोपे असते. फिशर यांचा विचार वाचल्यावर यामागे बुद्धीची नव्हे, उत्पन्नाची उणीव आहे, हे ध्यानात येते.

खुद्द फिशर यांना मात्र पैशाची उणीव राहिली नव्हती. कार्डे लावण्याच्या एका शोधातून ते धनवान झाले आणि कर्ज काढून शेअर घेत गेले. ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअरचे चढे भाव आता टिकून राहतील, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. काही दिवसांतच बाजार कोसळला. संपत्ती गेली, मेहुणीचे कर्ज डोक्यावर राहिले. अखेर येल विद्यापीठाने त्यांचे घर विकत घेऊन त्यांना तेथे भाड्याने राहू दिले. तरीही लेखणी थांबली नाही. सारेच कर्जदार फेडीसाठी विक्री करू लागले की भाव पडतात व उरलेल्या कर्जाचे ओझे उलट वाढते, हे त्यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले. २९ एप्रिल १९४७ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे हर्बर्ट सायमन यांनी मर्यादित विवेकशीलतेची कल्पना मांडली. माहिती, वेळ व हिशेबाची शक्ती अपुरी असल्याने माणूस सर्वोत्तम शोधत बसत नाही, पुरेसे बरे दिसेल ते पत्करतो, असे ते म्हणत. सायमन यांना १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही मर्यादा येलच्या प्राध्यापकालाही चुकली नाही. मग कर्जात बुडालेल्या गरिबालाच तेवढे अविचारी का म्हणावे, याचा विचार आपण शिकलेल्यांनी करावयास हवा.