नाथांचा विंचू

गेल्या चातुर्मासात शेजारचा एक मुलगा शाळेचे पुस्तक घेऊन आमच्याकडे आला. त्यात श्रीएकनाथमहाराजांचे विंचवाचे भारूड धड्याला लागले होते. विंचू म्हणजे कामक्रोध, विष म्हणजे तमोगुण, उतारा म्हणजे सत्त्वगुण, हे गाइडातले उत्तर त्याला तोंडपाठ. पण पोरगं चौकस. त्यानं विचारलं, उतारा लागू पडला, तर मग शेवटी थोडी ठणक का उरते? गाइडात याचा जबाब नव्हता. आम्हीही घटकाभर गप्प बसलो. मग त्याला नाथांचे चरित्रच सांगितले. तेच वाचकांपुढे ठेवतो.

नाथमहाराजांचा जन्म सोळाव्या शतकात पैठणास झाला. विजयनगराहून विठ्ठलमूर्ती पंढरीस परत आणणारे म्हणून ज्यांना आपण वंदन करतो ते भानुदास त्यांचे पणजोबा. आईबापांचे छत्र लहानपणीच गेले. आजोबा चक्रपाणी यांनी सांभाळ केला. पोरवयातच हा मुलगा गुरूच्या शोधात देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींपाशी गेला. स्वामी किल्ल्याचे अधिकारी आणि मोठे दत्तभक्त. त्यांनी शिष्याच्या हाती जमाखर्चाच्या वह्या दिल्या. एके रात्री एका पैचा मेळ बसेना. नाथ दिव्याशी बसून राहिले, आणि उत्तररात्री चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे झाले. एका पैच्या चुकीसाठी एवढी जागरणे, तर संसाराची चूक शोधण्यास किती लागतील, असे त्यांनी शिष्याला समजावले म्हणतात. किरकोळ दिसणारी बाकी सोडायची नाही, ही सवय नाथांना इथे लागली असे आम्हांस वाटते.

पुढे गुरुआज्ञेने ते पैठणास येऊन प्रपंचात राहिले. गिरिजाबाईंसारखी सहधर्मचारिणी लाभली. गोदेवर स्नान करून येताना एक उपद्रवी माणूस अंगावर थुंकायचा, नाथ पुन्हा स्नानाला जायचे, असे कितीतरी वेळा झाले. ही कथा आपण सर्वांनी कीर्तनात ऐकली आहे. तिथे क्रोधाचा विंचू नांगी उगारून बसलाच होता. भारूड लिहिणाऱ्याला त्याची वेदना ऐकीव नव्हती.

आणि भारुडातली माणसे पाहा! जोशी, गोंधळी, वासुदेव, महार, नवऱ्याला कंटाळलेली सासुरवाशीण. ही निव्वळ रूपकाची बाहुली नव्हेत. त्यांची बोली, त्यांचे रडगाणे आधी खरे वाटते, मग त्यातून परमार्थ उघडतो. नुसता अर्थ तेवढा उचलायचा आणि माणूस टाकून द्यायचा, हे म्हणजे ऊस न चावता गोडी मागण्यासारखे! विंचू चावलेला माणूस कसा घामाघूम होतो, कसा लोळतो, हे ज्याने पाहिले त्यालाच ते भारूड कळते.

एकादश स्कंधावरील टीका नाथांनी काशीत शके १४९५ (सन १५७३) मध्ये पुरी केली. पुढे शके १५०६ (सन १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीची पोथी शुद्ध केली. तीनशे वर्षांत नकलाकारांच्या हातून तीत अपपाठ शिरले होते. माउलींनी स्वप्नात येऊन, अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागली आहे ती काढ, असे सांगितले, ही आख्यायिका. कंठाला मुळी म्हणजे वाणीला अपपाठांचा फास, असाही तिचा अर्थ लावता येतो. पैची चूक धुंडाळणारेच हे डोळे!

आता मुलाचा प्रश्न. एकादश स्कंधाच्या तेराव्या अध्यायात विचार असा आहे की सत्त्वाने रज आणि तम जिंकावेत, पण मग सत्त्वही आवरावे लागते. कारण तोही एक गुणच. मी शांत झालो, मी चांगला झालो, हे जे मागे राहते तीच ती ठणक. उताऱ्याने ती जात नाही. म्हणून भारुडाच्या शेवटी नाथ आपल्या गुरूचे नाव घालतात. पुष्कळांना ती केवळ नाममुद्रा वाटते. खरे तर औषधाची शेवटची मात्रा तीच.

सन १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. जनार्दनस्वामींच्या पुण्यतिथीचाही तोच दिवस.

मुलाने हे सारे आपल्या भाषेत परीक्षेत लिहिले. गाइडाबाहेरचे म्हणून अर्धा गुण कापला गेला म्हणे. पोरगं काही हिरमुसलं नाही. यंदा षष्ठीला आमच्याबरोबर पैठणास यायचं म्हणतंय.