बीथोव्हेनचा वारसा

इंदूरचा राजवाडा १८०१ साली जळाला व दुसऱ्या मल्हारराव होळकरांच्या कारकिर्दीत पुन्हा उभा राहिला. त्याच काळात दूर व्हिएन्ना शहरी एक माणूस हळूहळू बहिरा होत होता, आणि तशाही स्थितीत जगाला थक्क करणारे संगीत रचीत होता. त्याचे नाव लुडविग व्हान बीथोव्हेन.

त्याचा जन्म १७७० साली जर्मनीतील बॉन येथे झाला. आजोबा व वडील दोघेही दरबारी गायक. गाणे असे घरातूनच आले. पण वडील दारूच्या आहारी गेलेले, आणि आई १७८७ साली क्षयाने वारली. धाकट्या भावांचा भार विशीच्या आतच त्याच्या शिरावर पडला. १७९२ साली तो व्हिएन्नास आला. तिशीच्या आधीच कान दगा देऊ लागले. पोटाच्या दुखण्यानेही त्याची पाठ कधी सोडली नाही. १८०२ साली त्याने भावांच्या नावे एक पत्र लिहून ठेवले. आपल्यामागे डॉक्टरांकडून आपल्या आजाराची हकीकत लिहवून घ्यावी, म्हणजे निदान मेल्यावर तरी जगाचा आपल्याविषयीचा गैरसमज दूर होईल, अशी त्याची इच्छा होती. १८२४ साली त्याची नववी सिंफनी प्रथम सादर झाली. टाळ्यांचा कडकडाट त्याला ऐकूच आला नाही. २६ मार्च १८२७ रोजी त्याचे निधन झाले. शवविच्छेदनात यकृत आक्रसलेले व स्वादुपिंड टणक झालेले आढळले. तो मद्य घेत असे हे खरे. मग बापाच्याच वळणावर मुलगा गेला, असे म्हणायला लोक मोकळे झाले.

हे चरित्र मला जवळचे वाटते त्याला कारण आहे. राजवाड्याजवळ माझे आजोळ आहे. तेथील माझ्या मामांना स्वादुपिंडदाह झाला. त्यांनी उभ्या आयुष्यात दारूला स्पर्श केलेला नाही. तरी समाचाराला येणारे आडून आडून बाटलीचीच चौकशी करीत, आणि मामी खाली मान घालून चहा ठेवीत.

स्वादुपिंडातला पाचकरस आतड्यात पोचल्यावरच जागा व्हायचा असतो. तो आधीच जागा झाला, तर ज्या ग्रंथीने त्याला निर्माण केले तिलाच पचवू लागतो. मद्य व पित्ताचे खडे ही याची नेहमीची कारणे. पण काही घराण्यांत हा दोष जनुकांतून उतरतो. असा पहिला जनुकदोष १९९६ साली सापडला. पाचकरसाला लगाम घालणाऱ्या स्पिंक-१ या जनुकातील दोष तर भारतातील अनेक रुग्णांत आढळला आहे. तो असला म्हणजे आजार होतोच असे नाही. धोका मात्र वाढतो.

२०२३ साली संशोधकांनी बीथोव्हेनच्या जपून ठेवलेल्या केसांतील जनुके वाचली. यकृतविकाराकडे झुकणारी जनुके त्याला जन्मतःच मिळाली होती, शिवाय अखेरच्या काळात यकृताच्या काविळीचा, हेपटायटिस बीचा, संसर्गही झाला होता. हा निर्वाळा यकृतापुरताच आहे. तरी सारा दोष एकट्या मद्याच्या माथी मारता येत नाही, एवढे त्याने दाखविले. पत्रातली इच्छा अशी दोनशेहून अधिक वर्षांनी थोडीफार पुरी झाली.

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी वहीच्या पहिल्या ओळीवर मागील बाकी लिहितो. ती बाकी चालू वर्षाच्या व्यवहाराची नसते. माणसाच्या आजाराचा हिशेब मांडतानाही ती ओळ आधी वाचावी.